गायरानाची वही : गावच्या माळावर काय उगवतं ते कसं नोंदवायचं

पावसाळा तोंडावर आला की गायरानात जेसीबी शिरतो. समतल चर निघतात, खड्डे होतात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात फलक, हार, फोटो यांच्यासह रोपं लागतात. राज्याने २०१६ साली दोन कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, २०१९ साली ते तेहतीस कोटींवर गेलं. एवढी रोपं लावायची तर जागा लागते, आणि ज्या जागेसाठी कुणी भांडायला येत नाही ती म्हणजे गायरान. झाडं लावायला माझी काही हरकत नाही. पण खड्डा घेण्याआधी त्या जागी आज काय उगवतंय हे कुणीतरी कागदावर उतरवलेलं असावं. ते नसेल तर पवन्या नावाचं उत्तम चाऱ्याचं, शंभर वर्षांचं गवत खणून तिथे गिरिपुष्पाच्या काड्या रोवल्या जातात आणि सगळ्यांना वाटतं, गाव हिरवं झालं.

हा लेख नाशिक जिल्ह्यातले शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि गुरं राखणाऱ्या घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींसाठी आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. एक पूर्ण वर्ष मात्र हाताशी हवं, कारण माळ जूनमध्ये वेगळा दिसतो, ऑक्टोबरात वेगळा, आणि मार्चमध्ये तो बघून तर कुणालाही खड्डे घ्यावेसे वाटतील.

आधी कागद काढा

पायात बूट घालण्याआधी तलाठ्याकडे जा. गायरानाचा गट नंबर विचारा आणि सातबारा काढा. महाभूलेखवर तो घरबसल्याही दिसतो. भोगवटादाराच्या रकान्यात सहसा ‘महाराष्ट्र शासन’ असतं आणि शेऱ्यात गुरचरण किंवा गायरान. जमीन सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची, असा तो मामला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. पुढे जोडलेल्या कलम २२-अ मध्ये ती दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधनं आहेत. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य जागा मिळत नसेल तरच वाट ठेवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करायला सगळ्या राज्यांना सांगितलं होतं. हे तपशील माहीत असले की कार्यालयात बोलणं सोपं जातं.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. गटवारी होण्याआधीचा जुना सर्व्हे नंबर कोणता होता तेही विचारून ठेवा, कारण जुने कागद त्याच नंबराने सापडतात. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. ती पाहायला मिळाली तर आपल्या नकाशावर पेन्सिलीने तेवढे तुकडे रंगवा. त्यावरून कुणाशी वाद घालायचा नाही. आपण झाडपाला मोजायला निघालोय, आणि अतिक्रमणाच्या भांडणात शिरलो की गावातली निम्मी माणसं बोलायची बंद होतात.

जुनी स्थिती समजायला आणखी दोन दारं आहेत. १८८३ साली छापलेलं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात जिल्ह्यातल्या झाडांची माहिती आहे. दुसरं, गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं. वेडी बाभूळ, म्हणजे परदेशातून येऊन माळावर पसरलेली बाभूळ, कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाली आणि कुठवर आली, हे त्या चित्रांवरून लगेच कळतं.

हद्द पायी फिरा

नकाशा हातात, सोबत गावातला एखादा जुना गुराखी. हद्दीचे दगड, जुना बांध, शेंदूर लावलेला म्हसोबा, वीरगळ, पडकी हाळ (गुरांना पाणी पाजायचा हौद), गुरांची पाऊलवाट, सगळं नकाशावर टिपा. सिन्नरकडच्या माळांवर असे दगड बरेच भेटतात. वनस्पतीच्या नोंदीत दगडांचं काय काम, असं वाटेल. काम आहे. म्हसोबाभोवतीची झाडी सहसा कुणी तोडत नाही, हाळीजवळ ओल टिकते, आणि जुन्या बांधाच्या आडोशाला माती साठलेली असते. जिथे माणसाचा हात वेगळा लागला तिथे उगवणारंही वेगळं असतं.

माळाचे तुकडे पाडा

लांबून गायरान म्हणजे एक सपाट पिवळा पट्टा. आत शिरलं की त्यात पाच-सहा वेगवेगळी घरं दिसतात. प्रत्येकाला नकाशावर एक अक्षर द्या आणि पुढची सगळी नोंद त्या अक्षराखाली करा.

पहिला, मुरमाड माळ. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा बसाल्ट. गवतांचं राज्य इथेच. अधूनमधून हिवर, खैर, बोर, तरवड आणि हेकळ. हा भाग सगळ्यात मोठा असतो आणि ‘इथे काही नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं तोही हाच.

दुसरा, उघडा खडक. उन्हाळ्यात तापून तव्यासारखा होतो आणि तिथे काही जगेल असं वाटत नाही. खडकाच्या भेगेत करड्या, वाळून कडकडीत झालेल्या गवताचा बुटका पुंजका दिसला तर बसून बघा. ते बहुधा ट्रायपोगॉन असतं. हे गवत मरत नाही, सुकून थांबतं. चांगला पाऊस पडला की एक-दोन दिवसांत तीच जुनी पात हिरवी होते. खडकाच्या कडेला निवडुंगाच्या आडोशाने माकडशिंग सापडू शकतं, चौधारी मांसल दांड्याचं. जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबक-इगतपुरीकडे, हाच खडक पावसाळ्यात ओला झिरपत असतो आणि त्यावर सीतेची आसवं, गेंद, आभाळी अशी फुलं येतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक वनस्पती कीटक खाते. तिच्या बुडाशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात.

तिसरा, ओहळकाठ. करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी. काठाच्या सावलीत वेली चढतात: गुळवेल, गुंज, शतावरी. वाळा आणि लव्हाळा पाण्याची कड धरून असतात. ओहळाच्या तळाशी मारवेलचे गालिचे असतील तर ती जागा नकाशावर ठळक करा.

चौथा, पाझर तलाव किंवा गावतळं. पाणकणीस, पाण्यात बुडलेलं हायड्रिला, आणि पाणी ओसरत जाईल तशी कडेला उगवणारी माका, ब्राह्मी यांसारखी लहान रोपं. इथली नोंद दोनदा करावी लागते, पाणी भरलेलं असताना आणि डिसेंबरनंतर चिखल उघडा पडल्यावर. दोन्ही वेळची यादी इतकी वेगळी निघते की दोन तळ्यांची वाटावी.

पाचवा, गोठण. दुपारी गुरं एखाद्या वडाखाली किंवा बाभळीखाली बसतात ती जागा. वर्षानुवर्षं शेण-मूत पडून तिथली माती बदललेली असते, आणि माती बदलली की उगवणारंही बदलतं. टाकळा, आघाडा, काटेमाठ, धोतरा, गोखरू हे सगळे इथे गोळा झालेले दिसतील. टाकळ्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो माजतो; आपण मात्र पहिल्या पावसानंतरची त्याची कोवळी पानं भाजीला आवडीने खुडतो. गोठण हा छोटासाच तुकडा असतो, पण बाहेरून आलेली बरीच झाडं आधी इथेच पाय रोवतात. वेडी बाभळीच्या शेंगा गोड असतात, शेळ्या-गुरं त्या खातात आणि न पचलेलं बी लेंड्या-शेणातून इथे पडतं.

बांध, कुंपणं आणि वाटा यांचा एक वेगळा गट करा. त्यावर घायपात, निवडुंग, रुई, घाणेरी असं मिश्र सामान असतं. यादी करा आणि पुढे चला.

पश्चिमेचं पूर्वेला लावू नका

नाशिक जिल्ह्यात पाऊस फार असमान पडतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याच्या बाजूला पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. म्हणून पेठ-सुरगाण्याच्या गायरानाची यादी येवल्याच्या गायरानाला मापदंड म्हणून लावण्यात अर्थ नाही. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात सापडली आणि डोंगराचंच नाव घेऊन जगाच्या यादीत गेली. ती सिन्नरच्या माळावर शोधत बसू नका.

आपल्या भागातलं चांगलं राखलेलं गवत कसं दिसतं हे एकदा डोळ्यांखालून घातलं की काम निम्मं सोपं होतं. पूर्व भागासाठी येवला तालुक्यातलं ममदापूरचं काळवीट संवर्धन क्षेत्र बघा. नाशिकजवळ बोरगड आहे, २००८ साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. दोन्ही ठिकाणी वन विभागाला विचारून जा, आणि तिथलं काही उपटू नका.

वर्षाचं वेळापत्रक

मृगाचा पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांनी पहिली फेरी. या वेळी कंदवर्गीय वनस्पती वर येतात, रानभाज्या फुटतात. श्रावणात दुसरी, केना, कुर्डू, आंबुशी, तेरडा, कवला फुलायला लागतात. भाद्रपद ते अश्विन हा काळ सगळ्यात महत्त्वाचा, कारण गवतं तेव्हा तुऱ्यावर येतात आणि तुरा नसेल तर गवत ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. वर्षात एकच फेरी जमणार असेल तर ती घटस्थापनेच्या सुमाराला करा. मग डिसेंबरात तळ्याची कड, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पानगळीची झाडं, आणि मे महिन्यात एकदा. उन्हाळ्यातली फेरी लोक टाळतात, पण कोणती झुडपं तग धरून आहेत आणि भुकेली गुरं नेमकं काय ओरबाडतात हे तेव्हाच दिसतं.

सकाळी लवकर निघा. पायात घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी. मुरमाड माळावर फुरसं असतं, दगडाखाली किंवा झुडपात हात घालण्याआधी काठीने खडबडवा.

चौकट टाकणं

नुसतं फिरून यादी केली तर डोळ्यात भरणारी झाडंच कागदावर येतात. कळलावीचं लाल-पिवळं फूल सगळे लिहितात, पायाखालचं गवत कुणी लिहीत नाही. म्हणून चौकट.

गवत आणि लहान रोपांसाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट पुरते. चार खिळे आणि चार मीटर सुतळी, झालं. झुडपांसाठी पाच बाय पाच मीटर, झाडांसाठी दहा बाय दहा. चौकट कुठे टाकायची हे आपल्या आवडीवर सोडू नका. मन नेहमी हिरव्या जागेकडे ओढतं. एखादा हद्दीचा दगड धरा, दिशा ठरवा आणि दर वीस पावलांना चौकट लावा. काटा आला, शेण आलं, नुसता मुरूम आला, तरी तिथेच. उघडा मुरूम हीसुद्धा नोंद आहे.

प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहा: कोणत्या जाती आहेत, प्रत्येकीने किती टक्के जागा झाकली आहे आणि किती जमीन उघडी आहे. टक्केवारीचा अंदाज बांधायला आपला हातच वापरा. एक मीटरच्या चौकटीत दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे बरोबर एक टक्का, आणि बोटं सोडून नुसता तळवा साधारण तेवढाच भरतो. सुरुवातीला दोघांनी वेगवेगळा अंदाज लिहावा आणि मग वह्या ताडून पाहाव्यात. दोन-तीन चौकटींत हात बसतो.

एका अधिवासात, म्हणजे अक्षर दिलेल्या एका तुकड्यात, किती चौकटी? नवीन जाती सापडत आहेत तोवर टाकत राहा. लागोपाठ तीन चौकटींत एकही नवीन नाव आलं नाही की तो अधिवास बऱ्यापैकी हाती लागला असं समजा. माळाला दहा-बारा लागतील, गोठणीला चार-पाचात काम होतं. झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर शिवणकामाच्या टेपने मोजा. चौकटीच्या एका कोपऱ्याची जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच चौकट सापडणार नाही.

गवत ओळखणं

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. माळाची तब्येत गवतावरून कळते, आणि त्यासाठी पन्नास गवतं यायची गरज नाही. पाच पक्की करा.

पवन्या, म्हणजे सेहिमा नर्व्होसम. काही जण याला शेडाही म्हणतात. दांड्याच्या टोकाला एकच तुरा, दाणे एकावर एक रचलेले, टरफलावर उभ्या ठळक शिरा. मुरमाड जमिनीवरचं हे उत्तम चाऱ्याचं गवत.

मारवेल, डायकँथियम ॲन्युलेटम. दांडा बोटांत धरून पेर बघा. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसलं तर शंका ठेवू नका. तुरा बोटांसारखा फुटलेला, बहुधा जांभळट. काळी, जाड माती आणि ओलावा याला मानवतो, म्हणून ओहळाच्या अंगाला जास्त.

अंजन, सेन्क्रस सिलिॲरिस. कोल्ह्याच्या शेपटासारखा केसाळ, गोल तुरा. कोरड्या भागात, हलक्या जमिनीवर.

कुसळी, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. माळावरून चाललं की पायजम्यात घुसते ती हीच. कोवळी असताना गुरं खातात. कुसळं धरली की तोंडाला टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीतसुद्धा शिरतात. हिचं एक वाळलेलं कुसळ घ्या आणि नीट पाहा: खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि वर दोरीसारखा पीळ पडलेली काळपट शेपटी. तळहातावर पाण्याचा थेंब घेऊन शेपटी त्यात भिजवा. काही क्षणांत पीळ उलगडायला लागतो आणि सगळं कुसळ हातावर सावकाश फिरतं. सुकलं की पुन्हा पीळ बसतो. दिवसा वाळायचं, रात्री दवाने भिजायचं, असं फिरत फिरत हे बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं, आणि मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. शाळेच्या मुलांना हे एकदा दाखवलं की पुढचं शिकवायची गरज उरत नाही.

पाचवं, ॲरिस्टिडा. बारीक, तारेसारखं, प्रत्येक बियाला तीन फाटे फुटलेलं कुसळ. गुरांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी.

आता हा क्रम लक्षात ठेवा. भारतातल्या गवताळ भागांची देशभर पाहणी होऊन १९७३ साली त्यांचे पाच मोठे प्रकार पाडले गेले. त्यात आपलं दख्खनचं पठार पवन्या-मारवेलच्या गटात येतं. म्हणजे माळाला श्वास घेऊ दिला तर तो पवन्या आणि मारवेलकडे जातो. चराई सतत आणि फार झाली की ही चवदार गवतं बी धरण्याआधीच संपतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. तरीही ताण हटला नाही की ॲरिस्टिडा, वर्षभरात मरणारी बुटकी गवतं आणि उघडा मुरूम. तुमच्या चौकटींतली टक्केवारी या शिडीवर ठेवून बघा. पवन्या तीस-चाळीस टक्के आणि कुसळी कमी असेल तर तो भाग गावाचं धन आहे, तिथे चर खणू देऊ नका. कुसळी जास्त पण पवन्या अजून दिसतोय, तर दोन-तीन पावसाळे विश्रांती दिली की सुधारणेला वाव आहे. सगळीकडे ॲरिस्टिडाच असेल तर बी बाहेरून आणावं लागण्याची शक्यता मोठी.

काट्याच्या आत काय आहे?

ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला काहीच खर्च नाही. माळ पार चरून गेलेला असतो, टक्कल पडलेलं असतं, आणि तुम्हाला कळायला हवं असतं की पूर्वी इथे काय होतं. अशा वेळी बोरीच्या, हेकळाच्या किंवा निवडुंगाच्या जुन्या, दाट जाळीकडे जा. काठीने आधी खडबडवा, मग फांद्या बाजूला सारून आत पाहा. गुरांचं तोंड जिथे पोचत नाही तिथे कंबरभर उंचीचं गवत उभं असतं, तुऱ्यासकट, आणि बाहेर तेच गवत बोटभरही नसतं. जाळीबाहेरच्या चौकटीत एकही पवन्या मिळाला नाही आणि आत दोन थोंब निघाले, तर माळावर बी अजून शिल्लक आहे. अशा प्रत्येक जाळीची नोंद वेगळ्या पानावर करा. सफाई मोहिमेत ‘काटेरी झुडपं काढली’ म्हणून सगळ्यात आधी हीच तोडली जातात.

याला जोड म्हणून एक छोटा प्रयोग. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा बाभळीच्या काट्यांनी किंवा तारेने एका पावसाळ्यासाठी बंद करा. गुराख्यांना आधी सांगा, जागा त्यांनाच निवडू द्या. ऑक्टोबरात आत आणि बाहेर एकेक चौकट टाका, आणि दोन्हीकडचं गवत कापून, वाळवून किलोत तोला. ग्रामसभेत टक्केवारी कुणाच्या लक्षात राहत नाही, गवताची दोन ओझी शेजारी ठेवली की राहतात.

बाहेरचे पाहुणे

वेडी बाभूळ, घाणेरी, गाजर गवत, सुबाभूळ, गिरिपुष्प, घायपात आणि तळ्यात जलपर्णी. हे सगळे परदेशी, बहुतेक अमेरिका खंडांतून आलेले. यादीत त्यांच्यापुढे खूण करा, पण सगळ्यांना एकाच काठीने झोडू नका. घायपात बांधावर बसून असतं, फार पसरत नाही. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज ते नाही अशी वाट सापडणं कठीण. त्याची पानं खाणारा मेक्सिकोचा भुंगा १९८४ साली भारतात सोडला गेला. पावसाळ्यात पानांवर काळ्या रेघांचे पिवळट भुंगे दिसले तर तोही नोंदवा. खरी डोकेदुखी वेडी बाभळीची. ती वरून तोडली तर बुडातून दुप्पट फुटते; काढायची तर जमिनीखाली फूटभर खोदून बुडखा काढावा लागतो. सरपणासाठी गावातल्या बायका तीवर अवलंबून आहेत का, हे आधी विचारा. असतील तर पर्याय ठरल्याशिवाय हात घालू नका.

नमुने आणि फोटो

ओळख पटली नाही तर नमुना घ्या, पण मुळासकट उपटण्याआधी मोजा. आसपास त्याची वीसेक रोपं नसतील तर फक्त फोटो. कंदीलपुष्प आणि ऑर्किडला तर हातच लावू नका. फोटो चार हवेत: पूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगं, फूल किंवा तुरा, आणि सभोवतालची जागा. गवताचा पाचवा फोटो पेराचा, आणि पात जिथे दांड्याला मिळते तिथल्या जिभलीचा. मागे पांढरा कागद धरला नाही तर कॅमेरा हटकून मागच्या मुरमावर फोकस करतो.

नमुना वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर वजन द्या आणि पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. चिठ्ठीवर तारीख, गट नंबर, अधिवासाचं अक्षर, स्थानिक नाव, फुलाचा ओला असतानाचा रंग. रंग लिहायलाच हवा, वाळल्यावर सगळं तपकिरी होतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ साली नाशिक जिल्ह्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली आहे. वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकले तर जाणकार नाव सुचवतात, मात्र दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा तिथे झाकून ठेवा. आणि ओळखायचं म्हणून काही चाखू नका. कळलावीचा कंद विषारी आहे, धोतऱ्याचं बी तर सगळ्यांना माहीतच आहे.

माणसांकडून घ्यायचं ते

गुराखी बाबा, रानभाजी खुडणाऱ्या मावश्या, मेंढ्या घेऊन येणारे धनगर, पश्चिम भागात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर घरांतली जाणती माणसं. यांच्याकडे जाताना छापील यादी घेऊन ‘हे आहे का, ते आहे का’ असं विचारू नका. सोबत माळावर चला आणि ती काय उचलतात ते पाहा. नाव जसं उच्चारलं तसंच लिहा. एकाच गवताला दोन वाड्यांत दोन नावं असतील तर दोन्ही. कोणतं गवत गाय आधी खाते, दुभत्या जनावराला काय घालतात, छपराला काय वापरतात, गणपतीच्या पत्रीसाठी कुठे जातात, कोणती भाजी आता मिळत नाही आणि कधीपासून. शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणसं वेळ घेतात. घेऊ द्या.

औषधी माहिती वेगळी गोष्ट आहे. कुणी दिलीच तर ती वहीत छापायची का, नाव घालायचं का, हे त्यांना विचारून ठरवा. नको म्हणाले तर पान कोरं ठेवा. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते; त्या नोंदवहीतही गोपनीय माहितीबद्दल हीच काळजी घ्यायची असते.

वही ग्रामसभेत नेताना

बऱ्याच गावांत ही समिती कागदावर असते आणि नोंदवही कुणीतरी बाहेरच्याने एका दिवसात लिहिलेली. तुमची वर्षभराची नोंद त्या नोंदवहीला जोडण्यासाठी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीन प्रती काढा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तुमच्याकडे. गवतांचं काम ऑक्टोबरात संपतं, त्यामुळे २६ जानेवारीची ग्रामसभा सोयीची पडते. पुढच्या पावसाळ्याची रोपं आणि चर ठरण्याआधी अजून वेळ असतो.

सभेत वही वाचून दाखवू नका, कुणी ऐकणार नाही. भिंतीवर लागेल एवढा मोठा रंगीत नकाशा करा आणि नेमके ठराव मांडा. पवन्याच्या तुकड्यात चर आणि खड्डे नकोत. झाडं लावायचीच असतील तर ओहळकाठाला करंज, जांभूळ, उंबर आणि गोठणीच्या कडेला चिंच, वड. माळावर लावलीच तर विरळ हिवर आणि बोर. जुन्या काटेरी जाळ्या सफाईतून वगळाव्यात. गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा, कोणता ते गुराख्यांनी ठरवावं. बंद भागातलं गवत बी झडल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे, विळ्याने कापून न्यायला सगळ्यांना मोकळं, पेटवायचं नाही. वेडी बाभळीचे बुडखे मे महिन्यात काढायचे, ते काम रोजगार हमीतून होतं का ते ग्रामसेवकांनी तालुक्याला विचारून सांगावं. ठराव क्रमांक पडला की त्याची नक्कल वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा आणि खाली पुढच्या घटस्थापनेच्या फेरीला कोण कोण येणार त्यांची नावं लिहा.